पडणाऱ्याले मत कायले द्याचं? वैशाली येडे यांची २०१९ची निवडणूक

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे. भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

आजचा विषय निवडणुकीचा आहे, पण कोण जिंकलं याचा नाही. कोण पडलं, आणि ती व्यक्ती पडल्यावर तिच्या प्रश्नांचं काय झालं, याचा आहे.

आपल्या यवतमाळकडे प्रत्येक निवडणुकीत पारावर एक वाक्य ऐकू येतं. "पडणाऱ्याले मत कायले द्याचं?" माणूस चांगला आहे, मुद्दा बरोबर आहे, सगळं मान्य. पण निवडून येणार नाही ना? मग मत वाया. हे म्हणणारा माणूस काही मूर्ख नसतो. पाच वर्षांतून एकदा मिळणारी गोष्ट तो जपून वापरत असतो. म्हणून या वाक्याची चेष्टा न करता आज ते तपासून बघू. उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेऊ: २०१९ची लोकसभा, यवतमाळ-वाशिम मतदारसंघ, उमेदवार वैशाली येडे.

कोण वैशालीताई?

नाव ऐकल्यासारखं वाटत असेल तर ते बहुतेक साहित्य संमेलनामुळे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होत्या अरुणा ढेरे. उद्घाटनाला इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिका नयनतारा सहगल येणार होत्या. वाद झाला, आयोजकांनी निमंत्रण मागे घेतलं, महाराष्ट्रभर निषेध झाला. मग उद्घाटन कोणाच्या हातून करायचं, असा प्रश्न पडला आणि नाव पुढे आलं वैशाली येडे यांचं. कळंब तालुक्यातलं राजूर हे त्यांचं गाव. नवरा शेतकरी, २०११ मध्ये त्यानं आत्महत्या केली. दोन लेकरं. त्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करायच्या. शिवाय श्याम पेठकरांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापेंनी बसवलेल्या 'तेरवं' या नाटकात त्या काम करत होत्या. शेतकऱ्यांच्या विधवांनीच उभं केलेलं हे नाटक. म्हणजे त्या मंचावर नवख्या नव्हत्या.

११ जानेवारीला त्या बोलल्या. अडचणीच्या वेळी दिल्ली धावून येत नाही, गल्लीतली आपल्यासारखी बाईच कामी येते, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. सभागृहात आणि बाहेर लोकांनी ते उचलून धरलं.

आता तारीख बघा. यवतमाळ-वाशिमचं मतदान झालं ११ एप्रिलला, पहिल्या टप्प्यात. बरोबर तीन महिन्यांनी गल्लीतली ही बाई दिल्लीसाठी उभी होती. बच्चू कडूंच्या प्रहार जनशक्ती पक्षाची उमेदवारी, आणि प्रचाराचा खर्च लोकवर्गणीतून. वय तिशीच्या आत. मी ज्या वयात आहे, साधारण त्याच वयात.

मैदान कसं होतं

समोर कोण होतं ते आधी समजून घेऊ. शिवसेनेच्या भावना गवळी १९९९ पासून सलग खासदार होत्या, आधी वाशिममधून, मग नवीन यवतमाळ-वाशिममधून. काँग्रेसकडून माणिकराव ठाकरे, पक्षाचे माजी प्रदेशाध्यक्ष. शिवाय वंचित बहुजन आघाडी, भाजपमधले बंडखोर आणि अपक्ष. एकूण उमेदवार वीसच्या वर.

हा आकडा मुद्दाम सांगतोय. मतदान यंत्राच्या एका बॅलट युनिटवर 'नोटा' धरून १६ बटणं बसतात. उमेदवार त्याहून जास्त झाले की दुसरं युनिट जोडावं लागतं. नावांचा क्रमही ठरलेला असतो: आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणी असलेले पण मान्यता नसलेले पक्ष, शेवटी अपक्ष. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्ज भरायला एक सूचक पुरतो, बाकीच्यांना दहा लागतात. चिन्हही शेवटच्या पंधरवड्यात हातात पडतं. म्हणजे "माझं चिन्ह अमुक" हे सांगायलाच जेमतेम दोन आठवडे मिळतात.

आणि मतदारसंघ केवढा? वाशिम, कारंजा, राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, पुसद असे सहा विधानसभा मतदारसंघ, सुमारे १९ लाख मतदार. यवतमाळ ते वाशिम हे अंतरच शंभर किलोमीटरच्या वर आहे. त्या वेळी मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ७० लाखांपर्यंत खर्च करायची मुभा होती. लोकवर्गणीवर लढणाऱ्या माणसासाठी ही मर्यादा म्हणजे कधी न दिसणारं छत.

अजून एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. यवतमाळ जिल्हा लोकसभेला तीन तुकड्यांत वाटलेला आहे. वणी आणि आर्णी चंद्रपूर मतदारसंघात जातात, उमरखेड हिंगोलीत. ज्या पांढरकवडा भागाचं नाव शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत वर्षानुवर्षं येत राहिलं, तो भाग आर्णीमधून चंद्रपूरला जोडलेला. तिथल्या कोण्या बाईला वैशालीताईंना मत द्यायचं असतं, तरी देता आलं नसतं.

२३ मे २०१९ला निकाल लागला. भावना गवळींना ५ लाख ४२ हजार मतं, माणिकराव ठाकरेंना ४ लाख २४ हजार. वंचितच्या उमेदवाराला ९४ हजार. वैशाली येडेंना २० हजारांच्या आसपास, म्हणजे दोन टक्क्यांच्याही आत. अनामत वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मतं लागतात, इथं ती जवळपास २ लाख होतात. या हिशोबानं पहिल्या दोघांशिवाय कोणाचीच अनामत वाचली नाही.

झालं. बातम्या संपल्या. पारावरचं वाक्य खरं ठरलं, असंच वाटतं ना?

चेहरा लक्षात राहिला, फाईल राहिली नाही

मला इथं थांबायचं आहे. त्या तीन महिन्यांत वैशालीताईंबद्दल जे छापून आलं त्यात एकच ओळख पुन्हा पुन्हा दिसते: शेतकऱ्याची विधवा. संमेलनाला ती ओळख उपयोगी होती, कारण वादात सापडलेल्या कार्यक्रमाला कोणी नाव ठेवू शकणार नाही असं कोणीतरी हवं होतं. पक्षालाही उपयोगी होती. काही लोकांनी तेव्हाही विचारलं, की बाईंच्या दुःखाचा वापर होतोय का? प्रश्न रास्त आहे. पण त्यात एक गृहीतक लपलेलं आहे, की बाईंकडे दुःखाशिवाय दुसरं काही नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. राजूरसारख्या गावातली अंगणवाडी मदतनीस, जिला नवऱ्यामागं शेती आणि लेकरं सांभाळायची आहेत, तिचा रोजचा दिवस केंद्र सरकारच्या किती निर्णयांतून जातो ते मोजा. भाषण वगळा, सहानुभूती वगळा. फक्त नियम वाचा. मी वाचले. त्यातल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, पेन्शन. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय विधवा निवृत्तिवेतन योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या विधवेला महिना ३०० रुपये. ही रक्कम २०१२ मध्ये २०० वरून ३०० झाली आणि तिथंच राहिली. पण मुख्य अडथळा रकमेचा नाही, वयाचा आहे. योजनेत बसायला वय ४० ते ७९ लागतं. आता आपल्याकडचं चित्र आठवा. आत्महत्या केलेला शेतकरी तीस-पस्तीस वर्षांचा, त्याची बायको पंचवीस-अठ्ठावीसची, लेकरं शाळेत. तिला गरज आत्ता आहे, आणि केंद्राची योजना म्हणते, चाळिशीला या. ज्या वयात वैशालीताई खासदारकीला उभ्या राहिल्या, त्या वयात त्या या पेन्शनला पात्रच नव्हत्या. खासदारकीला २५ वर्षं पुरतात, विधवेच्या पेन्शनला ४० लागतात!

दुसरी, मानधन. अंगणवाडी मदतनीसाला 'पगार' नसतो, 'मानधन' असतं. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्रानं ते १,५०० वरून २,२५० रुपये महिना केलं, सेविकेचं ३,००० वरून ४,५०० केलं. राज्य वरून आपली भर घालतं. आता चाळिशीच्या आतल्या विधवेसाठी राज्याची संजय गांधी निराधार योजना आहे, पण तिला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये. २,२५० गुणिले १२ करा. २७,००० येतात. म्हणजे केंद्राचं किमान मानधनच राज्याच्या मर्यादेच्या पुढे जातं. एका सरकारनं तुम्हाला कर्मचारी मानलं नाही, दुसऱ्यानं गरीब मानलं नाही. हे कोणी दुष्टपणानं केलंय असं मी म्हणत नाही. दोन टेबलांवर दोन आकडे ठरले आणि ते एकमेकांशी जुळतात का हे बघायला कोणी बसलं नाही, एवढंच. पुढे एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका-मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला. तोही संसदेतून आला नाही, कोर्टातून आला.

तिसरी, मदतीचे निकष. राज्याच्या २००६ च्या निर्णयानुसार आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख मिळतात. ३० हजार रोख, ७० हजार ठेवीत. त्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं: नापिकी, कर्जबाजारीपणा, परतफेडीचा तगादा, आणि कर्ज कुठलं? बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं. नातेवाइकाकडून, कृषी केंद्रवाल्याकडून उधारीवर घेतलं असेल तर कागद कुठून आणायचा? त्याच २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. मोठा भाग सिंचनाचा आणि कर्जाचा. मागं राहिलेल्या बाईच्या नावानं त्यात फारसं काही नव्हतं.

चौथी आणि सगळ्यात मोठी, शेतकरी कोण? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं विधवा पहिल्या वर्गाची वारस आहे. लेकरं आणि सासू यांच्याबरोबरीनं. कागदावर प्रश्नच नाही. पण गावात? तलाठ्याकडे वारस नोंद करायची, फेरफार व्हायचा, सातबाऱ्यावर नाव चढायचं. जमीन सासऱ्याच्या नावावर असेल तर तो असेपर्यंत काहीच नाही. दिरांची इच्छा नसेल तर फेरफारावर हरकत. आणि सातबारा नसेल तर पीककर्ज अवघड, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये, ऐन निवडणुकीच्या तोंडावर सुरू झालेली पीएम-किसानही नाही. वर्षाला ६,००० रुपये, पण ज्याच्या नावावर जमीन त्याला. पेरणी, निंदण, वेचणी बाई करते. शेतकरी सातबाऱ्यावरचा माणूस.

यावर संसदेत एक उपाय येऊन गेलाय, हे आपल्याला माहीत आहे का? ११ मे २०१२ रोजी राज्यसभेत एम. एस. स्वामिनाथन यांनी महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचं एक खासगी विधेयक मांडलं. जमीन नावावर असो वा नसो, शेतात राबणाऱ्या बाईला ग्रामपंचायतीनं शेतकरी असल्याचं प्रमाणपत्र द्यावं, आणि त्या आधारावर तिला कर्ज, पाणी, योजना मिळाव्यात, अशी त्यातली कल्पना. २०१३ मध्ये स्वामिनाथन यांची मुदत संपली आणि विधेयकही व्यपगत झालं. ते पुन्हा उचलायला कोणीतरी खासदार लागतो. आपल्या मातीतला, ज्याला हा विषय समजावून सांगावा लागणार नाही असा.

एकटी खासदार काय करणार होती?

इथं तुम्ही म्हणाल, अरे पण एक खासदार जाऊन काय दिवे लावणार? प्रामाणिक उत्तर देतो. कायदा बदलणं जवळजवळ अशक्य. स्वातंत्र्यापासून आजवर फक्त १४ खासगी विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. त्यामुळे "मी निवडून आले तर कायदा करीन" असं कोणी एकट्यानं म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

पण खासदाराच्या हातात दुसरं एक साधन आहे, ते म्हणजे प्रश्न. लोकसभेत रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. तारांकिताला मंत्री उभं राहून उत्तर देतात आणि पूरक प्रश्न विचारता येतो. अतारांकिताचं उत्तर लेखी पटलावर येतं. समजा कोणी विचारलं, "विधवा पेन्शनला ४० वर्षांची अट कशाच्या आधारावर ठेवली? महाराष्ट्रात ४० च्या आतल्या किती अर्जदार नाकारल्या गेल्या?" तर मंत्रालयाला उत्तर लिहावंच लागतं. ते उत्तर छापलं जातं, वर्तमानपत्रात येतं, कोर्टात जोडता येतं. पुढच्या खासदाराला तिथून पुढे जाता येतं. स्थायी समितीत बसून मागण्यांवर बोलता येतं. कामं छोटी आहेत, पण नियम असेच बदलतात. एखाद्या अर्थसंकल्पात वयाची अट गुपचूप खाली येते.

आणि मोठ्या पक्षाच्या खासदाराला हे करता येत नाही असं नाही. प्रश्न विचारायला व्हिप आड येत नाही. व्हिप मतदानाच्या वेळी असतो. म्हणजे जे वैशालीताई करू शकल्या असत्या, ते निवडून आलेली कुठलीही व्यक्ती करू शकते. हा माझा खरा मुद्दा आहे.

दोन प्रकारची तिकिटं

आमच्या कामात 'तिकीट' म्हणजे वेगळंच असतं. सॉफ्टवेअरमध्ये कुठं चूक सापडली की ती नोंदवतात, तिला नंबर मिळतो, कोणाकडे आहे ते लिहिलं जातं. ज्यानं चूक शोधली तो नोकरी सोडून गेला तरी तिकीट बंद होत नाही. चूक दुरुस्त झाल्यावरच बंद होतं.

निवडणुकीत आपण उलट करतो. उमेदवार पडला की त्यानं नोंदवलेलं सगळं त्याच्यासोबत बंद करतो. "ती वैशाली येडे? हो, पडली ना." पण ४० वर्षांची अट पडली का? २१ हजारांची मर्यादा पडली का?

तर "पडणाऱ्याले मत कायले" याचं माझं उत्तर दोन भागांत आहे. ज्या २० हजारांनी दिलं त्यांचं मत आपल्या पद्धतीत खासदार बनवू शकत नव्हतं, हे खरं. सगळ्यात जास्त मतं ज्याला, तो जिंकतो, बाकीच्या मतांचा दिल्लीत हिशोब नाही. पण त्या मतांची नोंद होते, आणि पुढच्या वेळी मतं मागायला येणारा ती नोंद वाचतो. हा झाला पहिला भाग. दुसरा भाग ज्यांनी दिलं नाही त्यांच्यासाठी आहे, म्हणजे उरलेल्या ९८ टक्क्यांसाठी. तुम्ही जिंकणाऱ्याला मत दिलं, ठीक आहे. मग पडणाऱ्या बाईचे प्रश्न जिंकणाऱ्याच्या हातात देण्याचं काम तुमचंच आहे. तुमचं मत 'वाया' गेलेलं नाही ना? मग त्याचं काम घ्या.

कसं घ्यायचं? तीन सोप्या गोष्टी. संसदेच्या वेबसाइटवर प्रत्येक खासदारानं विचारलेले प्रश्न नावानिशी शोधता येतात. आपल्या खासदाराचं नाव टाका, 'विधवा', 'अंगणवाडी', 'कापूस' शोधा, काय सापडतं बघा. काही सापडलं नाही तर प्रश्न तयार करून त्यांच्या कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या. दोन ओळींचा नेमका प्रश्न कार्यालयातल्या माणसालाही आवडतो, त्याचं काम वाचतं. आणि गावात असाल तर ग्रामसभेत एकच विषय मांडा: आपल्या गावात किती विधवांच्या वारस नोंदी व्हायच्या आहेत? याला दिल्ली लागत नाही. तलाठी आणि ग्रामसेवक समोर बसलेले असतात.

२०२४ मध्ये यवतमाळ-वाशिमचा खासदार बदलला. भावना गवळींना उमेदवारी मिळाली नाही, संजय देशमुख निवडून आले. पुढच्या वेळी कोणी दुसरं येईल. पण राजूरच्या किंवा दुसऱ्या कुठल्या गावच्या सव्वीस वर्षांच्या बाईला अजूनही उत्तर तेच मिळतं, चाळिशीला या.

तुमच्या मतदारसंघात असा कोणी पडलेला उमेदवार असेल, ज्याचा मुद्दा अजून उघडा आहे, तर मला लिहून कळवा. नावापेक्षा मुद्दा नीट लिहा. पुढच्या भागात त्यातलेच काही घेऊ. तोपर्यंत सांभाळा, भेटूच.